नावापुढचं ‘रोड’

परवा कुर्डुवाडीला गाडी बदलायला थांबलो होतो. शेजारच्या कॉलेजच्या पोराला सहज म्हटलं, या स्टेशनचं नाव पूर्वी ‘बार्शी रोड’ होतं. त्याला पटेचना. तेव्हापासून हे मनात घोळतंय.

स्टेशनच्या नावापुढे ‘रोड’ दिसलं की समजायचं, गाव रुळापासून लांब राहिलंय. १८५९ साली पुण्याकडून रूळ इथवर आले, पण कापसाची एवढी मोठी पेठ असलेली बार्शी वीसेक मैल बाजूलाच पडली. सगळा माल बैलगाडीने इथवर आणायचा. ही अडचण हेरली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने. त्याचा तोडगा असा: रुळांमध्ये अंतर फक्त अडीच फूट, आणि चाकांच्या कुठल्याही आसावर ५ टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग हलके रूळ पुरतात, खर्च आवाक्यात राहतो. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. पुढे १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. मोडनिंब, पांगरी, येडशी, ढालगाव ही नावं वेळापत्रकात आली ती या छोट्या गाडीमुळे. जत रोडची पाटी तर आजही तीच जुनी गोष्ट सांगते.

आमचं आजोळ याच मार्गावरचं. खिडकीत मास्तर पुठ्ठ्याचं तिकीट तारखेच्या मशीनमध्ये सारायचे. खट्ट! तिकिटावरून बोट फिरवलं की तारीख बोटाला लागायची. आषाढीला टपावरसुद्धा माणसं बसलेली मी पाहिलीत.

या छोट्या लाइनचं रुंदीकरण करून मोठी लाइन व्हायलाच हवी होती, याबद्दल माझं दुमत नाही. लातूरचा माणूस रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरतो, हे फार मोठं काम झालं. पण आजोळचं जुनं स्टेशन पाडलं तेव्हा कुणी साधा एक फोटो काढून ठेवला नाही. पाटी गेली, दगडी ओटा गेला, मास्तरांच्या डायऱ्या कुठे गेल्या देव जाणे. मला याचा खरंच राग येतो. माथेरानच्या गाडीचं कौतुक होतं, व्हायलाच हवं. मग या स्टेशनांनी काय घोडं मारलंय? प्रत्येक ठिकाणी एक फलक लावा: पहिली गाडी कधी आली, जुनं नाव काय होतं. एवढ्याला किती खर्च येणार?

आजोबांच्या कोटाच्या खिशात सापडलेलं पंढरपूरचं एक तिकीट माझ्याकडे आहे. उद्या फोटो टाकतो. तुमच्या घरी असं काही असेल, तिकीट, पास, कंदील, नुसता फोटोसुद्धा, तर खाली नक्की टाका, आणि स्टेशनचं नाव लिहायला विसरू नका.