पैसे तबल्याचे, आवाज डब्याचा

पुरे झालं आता! नोव्हेंबर आला की वाद्यांची प्लगइन, म्हणजे संगणकावर वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारी सॉफ्टवेअरं, विकणाऱ्या कंपन्यांचं तेच: घसघशीत सूट, उलटं पळणारं घड्याळ, 'शेवटचे दोन तास'. दुसऱ्या दिवशी बघावं तर तीच सूट पुन्हा हजर! विश्वास ठेवायचा कशावर?

'अस्सल भारतीय तालवाद्यं' म्हणून रात्रभर गिगाबाइटच्या गिगाबाइट उतरवून घ्यायचं आणि आत काय? बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, तळहात दाबून सरकवला की निघणारी घुमक नाही. मिडीत, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक ज्या भाषेत बोलतात तिच्यात, १९८३ पासून पट्टी किती जोरात दाबली याच्या १२७ पायऱ्या आहेत. यांनी ठोके रेकॉर्ड केलेत जेमतेम तीन! हळू वाजवा, जोरात वाजवा, तोच टणत्कार. हलगी तर नावालाही नाही. सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेत हलगी कडाडते तेव्हा बारीक काडीची ती थरथर अंगावर काटा आणते. ती यांनी कधी ऐकली तरी आहे का?

वर लॅपटॉप बदलला की पुन्हा ॲक्टिव्हेशन. सिस्टिम अपडेट झाली की प्लगइन उघडतच नाही, 'नवी आवृत्ती घ्या' म्हणतात. का घ्यायची? जुनी पेटी निदान विकता तरी येते. इथे लायसन्स दुसऱ्याच्या नावावर करायलाही बंदी, आणि एकदा डाउनलोड केलं की पैसे परत मागायची सोय नाही!