अमेरिकेतून आलेला जुना आयफोन बाबांना द्यायचा, की इथलाच नवा अँड्रॉइड घ्यायचा?

डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा-सून येतात, बॅगेतून जुना आयफोन निघतो. 'बाबा, हा आता तुम्हाला.' बाबा खूश. चार दिवसांनी मुलगा विमानात बसतो आणि मग कळतं की सिम कुठे घालायचं तेच सापडत नाही. सापडणार नाहीच. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून पुढे सिमची खाचच नाही, सगळं ई-सिमवर, म्हणजे कार्डाशिवाय फोनच्या आतच चालू होणाऱ्या सिमवर. १३ आणि त्याआधीच्यांना खाच आहे. त्यामुळे कॅमेरा किती मेगापिक्सेलचा यावर घरात वाद घालण्याआधी फोनची कड बघा.

ई-सिम इथेही मिळतं, पण ते घ्यायचा दिवस नीट निवडा. *#०६# डायल केलं की आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि ३२ आकडी ईआयडी (ई-सिमचा क्रमांक) दिसतो, तो मोबाइल कंपनीला द्यावा लागतो. सिम बदललं की पहिले २४ तास त्या नंबरचे एसेमेस बंद ठेवले जातात. म्हणजे ओटीपी नाही, बँक नाही, यूपीआयची नोंदणीही नाही. मुलाची फ्लाइट रात्री आणि ई-सिम सकाळी, असा बेत केलात तर पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर निस्तरावं लागेल.

फोन तिथल्या मोबाइल कंपनीच्या हप्त्यावर घेतलेला असेल तर लॉक असू शकतो, म्हणजे दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' दिसलं पाहिजे. मुलाने स्वतःचं ॲपल अकाउंट साइन-आउट करून, फोन पूर्ण पुसून मगच द्यावा. त्याचंच अकाउंट ठेवलं तर ॲप स्टोअर अमेरिकेचं राहतं आणि इथल्या काही बँकांची ॲप्स त्यात दिसतच नाहीत. देश बदलता येतो, पण त्याआधी शिल्लक संपवा, सबस्क्रिप्शन बंद करा, फॅमिली शेअरिंगमधून बाहेर पडा अशी भानगड असते. बाबांचं भारतातलं नवं अकाउंट काढणं सरळ.

व्हॉट्सॲपचं सगळ्यात आधी ठरवा. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर जातो, तो आयफोनला वाचता येत नाही. चॅट हलवायचे तर जुन्या फोनवर 'मूव्ह टू आयओएस' ॲप लागतं आणि आयफोन अगदी कोरा हवा. सेटअप उरकून मग आठवलं तर परत पुसा, परत पहिल्यापासून. दोन्ही फोन चार्जरला आणि एकाच वाय-फायवर ठेवायचे. हलवाहलवी पूर्ण होईपर्यंत जुन्या फोनवर दुसरं ॲप उघडायचं नाही. मधेच कोणी यूट्यूब लावलं की काम अडकतं.

यूपीआयमध्ये एक बारीक फरक आहे. अँड्रॉइडवर परवानगी दिली की ॲप पडताळणीचा एसेमेस स्वतःच पाठवतं. आयफोनवर मेसेजची खिडकी उघडते, आत अगम्य अक्षरांची ओळ असते आणि 'सेंड' आपणच दाबायचं असतं. बाबांना वाटतं हा काहीतरी फ्रॉड आहे, आणि ते ती ओळ खोडतात! तसंच राहू द्या, बँकेत नोंदलेल्या नंबरचीच लाइन निवडा, एसेमेसपुरता बॅलन्स ठेवा.

हे सगळं वाचून वाटेल की माझा कौल अँड्रॉइडला. थांबा. सोसायटीच्या ग्रुपवर 'लग्नपत्रिका डॉट एपीके' किंवा 'ट्रॅफिक चलान डॉट एपीके' येतं ना, ती खरं तर ॲप बसवणारी फाइल असते; ते ॲप अँड्रॉइडवर बसू शकतं, एसेमेस वाचायची परवानगी मागतं आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतं. आयफोनवर एपीके उघडतच नाही आणि कुठल्याही ॲपला तुमचे एसेमेस वाचता येत नाहीत. 'मदत करतो' म्हणून स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्यांनाही तिथे बहुतेक ॲप्समधून फक्त बघता येतं, बोट चालवता येत नाही. अर्थात बघण्यानेही ओटीपी जातोच. जे आई-बाबा आलेली प्रत्येक गोष्ट दाबून बघतात, त्यांच्या हातात आयफोन द्यावा, एवढं माझं स्पष्ट मत आहे.

अँड्रॉइडच घ्यायचा तर पहिल्याच दिवशी सेटिंग्जमध्ये 'इन्स्टॉल अननोन ॲप्स' शोधा आणि तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल्स सगळ्यांसमोरची परवानगी बंद करा. सॅमसंगच्या नव्या फोनमध्ये अशी बाहेरची ॲप्स अडवणारा 'ऑटो ब्लॉकर' आहे, तो चालू ठेवा.

बाबा मराठीत लांबलचक लिहिणारे असतील तर मात्र पारडं अँड्रॉइडकडे झुकतं. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये रोमन टंकून मराठी उमटतं, बोटाने गिरवून लिहिता येतं आणि बोलून तर झकास. आयफोनवरही जीबोर्ड टाकता येतो, पण तिथे बाहेरच्या कीबोर्डला माइक मिळत नाही. बोलायला गेलं की तो आधी दुसऱ्याच ॲपमध्ये नेतो. आणि खालची ती तीन बटणं! आयफोनवर 'मागे जा'चं कायमचं बटण नाही, सॅमसंगवर 'डिस्प्ले'मध्ये 'नॅव्हिगेशन बार'मधून तीन बटणं परत आणता येतात. सत्तरीच्या माणसाला हा फरक प्रोसेसरपेक्षा मोठा वाटतो. कॉल रेकॉर्डिंगची सवय असेल तर लक्षात ठेवा, आयफोन रेकॉर्ड करताना दोघांनाही मोठ्याने सांगतो.

आता वय. आयफोन एक्सआर आणि एक्सएस यांना २०२५ चं आयओएस २६ (आयफोनची मूळ प्रणाली) मिळालं नाही, २०१९ च्या ११ ला मिळालं. म्हणजे आज ११ हातात आला तर त्याचं फारसं आयुष्य उरलेलं नाही. उलट सॅमसंगच्या ए१६ फाइव्ह-जीसारख्या मध्यम किमतीच्या फोनला सहा वर्षं अपडेटचं आश्वासन आहे, गूगलच्या पिक्सेल ८ पासून पुढे सात वर्षं. बॅटरीचंही बघा: १४ पर्यंतच्या आयफोनची बॅटरी ५०० चार्ज-फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता राखेल अशा बेताने बनवलेली असते. 'बॅटरी हेल्थ'मध्ये आकडा ८० च्या खाली असेल तर मुलाने तिकडेच बदलून आणावी.

तर १३ असेल, अनलॉक असेल, बॅटरी धड असेल आणि मुलगा निदान आठवडाभर इथे असेल तर बिनधास्त द्या. दोनच दिवसांसाठी येत असेल तर फोन त्याच्याच बॅगेत राहू दे, आणि जाण्याआधी बाबांच्या आहे त्या फोनवरची एपीकेची परवानगी तेवढी बंद करून घ्या.