कमरेचा दागिना

शस्त्रपरवाना झाला म्हणता? मग आधी अभिनंदन. पोलिस ठाण्याचा अहवाल, डोकं आणि शरीर दोन्ही ठिकाणावर असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा कागद, घरात ते कुठल्या कुलपात ठेवणार याचं हमीपत्र, आणि या सगळ्यांना वेग यावा म्हणून साहेबांचा एक फोन, एवढं जमवणं सोपं नाही. 'माझ्या जीवाला धोका आहे' हे लिहून झाल्यावर धोका नक्की कोणाकडून, या रकान्यापाशी थोडे अडखळला असाल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. २०२५ च्या मे महिन्यात पुण्यात एका युवा पदाधिकाऱ्याच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या. तपासाअंती पोलिसांनी सांगितलं की हल्ला त्यानेच घडवून आणला होता, शस्त्रपरवाना मिळावा म्हणून. त्या मानाने तुम्ही फारच सरळमार्गी.

आता खरेदी. इथे घाई करू नका. जमिनीचे पैसे आलेत, मुदत आहे, सोबत चार पोरं आहेत, तर जरा चोखंदळपणे घ्या. लोक तुम्हाला घाबरवतील की आपल्या देशात या बाबतीत निवड अशी फारशी नसतेच. त्यांचं खरं आहे. सिनेमातला हिरो ज्यातून गोळ्या झाडतो ते नऊ एमएमचं पिस्तूल सामान्य नागरिकासाठी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, मोडतं. परदेशी हत्यारांची सर्रास आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यात थांबली. त्याआधी आलेली वेब्ली किंवा तत्सम जुनी विलायती हत्यारं अजून हातोहात फिरतात, आणि आजोबांच्या वयाच्या रिव्हॉल्व्हरला लाखांत भाव येतो. उरलं काय, तर पॉइंट ३२ बोअरचं देशी हत्यार, मुख्यतः सरकारी कारखान्यांतलं. कानपूरचं रिव्हॉल्व्हर घ्या, नाहीतर 'अशनी' पिस्तूल घ्या. थोडक्यात, मेनू छोटा आहे. पण मेनू छोटा म्हणून कोणी वेटरला तासभर उभं करायचं सोडतं का?

सुरुवात दिसण्यापासून करा, कारण तुमचं शस्त्र आयुष्यात जे काही करणार आहे ते दिसणंच आहे. सरकारलाही हे ठाऊक आहे. २०१४ मध्ये कानपूरहून खास महिलांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, जेमतेम ५०० ग्रॅमचं. किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. आणि ते मिळायचं कशात, तर दागिन्यांच्या असतात तशा मरून रंगाच्या पेटीत. स्वसंरक्षणाचा विचार किती खोलवर केला होता ते त्या पेटीवरूनच समजावं. दिल्लीच्या बसमध्ये जे घडलं त्यावर आपल्या व्यवस्थेने शोधलेलं हे उत्तर, आणि ते परवडणाऱ्या बाईला बसने जायची वेळ सहसा येत नाही. असो. २०२३ मध्ये त्याच कानपूरने 'प्रबल' आणलं, गोळ्या भरायची चकरी बाजूला उघडणारं, ७०० ग्रॅमचं, ५० मीटरपर्यंत मारा करतं म्हणतात. नाव भारदस्त आहे. मित्रांत सांगताना 'प्रबल घेतलं' असं म्हटलं की पुढचं विचारायचं कोणी धाडस करत नाही.

करही दिसण्याला साजेसा आहे. सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर ४० टक्के जीएसटी. याच पंगतीला खासगी विमानं आणि यॉट बसल्या आहेत. शेजारी थंड पेयांच्या बाटल्याही आहेत, पण त्याचा उल्लेख कोणी करत नाही, तुम्हीही करू नका.

एक बारीकशी अडचण आहे, ती आत्ताच सांगून ठेवतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हे हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं असावं लागतं, आणि ते परजून दाखवायला सक्त मनाई आहे. म्हणजे दीड-दोन लाखांची वस्तू घ्यायची आणि ती कोणाला दिसू द्यायची नाही. असा अन्याय शालूच्या बाबतीत झाला असता तर राज्यात मोर्चे निघाले असते. पण आपल्याकडच्या कार्यकर्त्याने यावर उपाय काढलाय. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचा, तो मुद्दाम थोडा आखूड शिवून घ्यायचा, आणि सभेत, लग्नात, दशक्रियेला सुद्धा, वरच्या फळीवरचं काहीतरी काढतोय अशा थाटात हात वर करायचा. शर्ट वर जातो, काम होतं. लोकांनी बघितलं, तुम्ही दाखवलं नाही. कायदा जागच्या जागी.

रील मात्र जपून. गाडीच्या बॉनेटवर बसून, मागे 'भाऊंचा नाद नाय' लावून, हातात हत्यार घेऊन केलेली रील सायबर शाखेतले पोलिसही आवडीने बघतात. बीड जिल्ह्यात हजाराच्या वर परवाने वाटले गेल्याचं २०२४ च्या अखेरीस गाजलं तेव्हा पुरावे गोळा करायला कोणाला फार फिरावं लागलं नाही. मालकांनीच ते गाणी लावून, फिल्टर मारून आधीच जगाला दिले होते. पुढे तिथे शंभरावर परवाने रद्द झाले. परवाना जाऊनही त्या रीलचे लाइक तसेच आहेत, हा त्यातला दिलासा.

आता हाताला कसं लागतं ते. यासाठी दुकानात जावंच लागेल, ऑनलाइन चालत नाही. दुकानदार काउंटरच्या काचेवर कापड पसरतो. रिव्हॉल्व्हर काढतो, वरची कळ दाबून मधोमध मोडल्यासारखं उघडतो, सहाही घरं रिकामी असल्याचं तुम्हाला दाखवतो, बंद करतो, आणि नळी भिंतीकडे ठेवून मूठ तुमच्या हातात देतो. हे सगळं तो रोज करतो, म्हणून तुमचं तिकडे लक्ष नसलं तरी चालेल. हातात आल्या आल्या तर्जनी थेट चापावर जाऊ द्या. मग सगळ्या दुकानावरून एक सावकाश फेरी मारा: आधी हिशेब लिहिणारा मुलगा, मग सोबत आलेले मामा, मग कॅलेंडरवरचा गणपती. मुलगा मान वर न करता एक पाऊल डावीकडे सरकेल. त्याला या नोकरीत हे पाऊल सवयीचं झालेलं असतं.

मग मामा हातात घेऊन म्हणतील, "वजनदार आहे." हा शेवटचा निर्णय समजावा. वजनदार म्हणजे चांगलं. चाप ओढायला जड जातो, ही कानपूरच्या जुन्या रिव्हॉल्व्हरबद्दलची कायमची तक्रार. घोडा, म्हणजे मागची ठोकणी, आधी न चढवता चाप ओढला तर बोट थरथरतं, नळी हलते आणि गोळी भलतीकडे जाते. पण गोळी झाडणाऱ्याला ही अडचण. तुम्हाला काय?

काही लोक या हाताला लागण्याचा भलताच अर्थ घेतात. कोल्हापूरची राही सरनोबत बघा. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक. या खेळातली माणसं लाकडी मूठ कानशीने घासून, कुठे पुट्टी भरून, आपल्या तळव्याच्या मापाची करून घेतात. रिकामं पिस्तूल धरून भिंतीसमोर तासन्‌तास नुसता चाप ओढायचा सराव करतात, गोळीशिवाय, आवाजाशिवाय. बघायला एक माणूस नाही. एवढी मेहनत लोक नावासाठी करतात. तुमचं नाव तर चौकातल्या फ्लेक्सवर आधीच आहे, फोटोसकट, शुभेच्छुकांसकट. तुम्ही कशाला बोटं झिजवता?

हाताला लागण्यापेक्षा कमरेला कसं लागतं ते महत्त्वाचं. ७०० ग्रॅम एका बाजूला लटकवले की पँट त्या बाजूने खाली उतरते. म्हणून आपल्याकडे पिस्तूलवाला ओळखायला पिस्तूल दिसावं लागत नाही. दर दोन मिनिटांनी जो उजवीकडून पँट वर ओढतो, तो. बसताना ते बरगडीत टोचतं, गाडी चालवताना पट्ट्यात अडकतं, आणि संडासला गेल्यावर ठेवायचं कुठे हा प्रश्न तर भल्याभल्यांना सुटलेला नाही. पट्टा रुंद घ्या, एवढाच प्रामाणिक सल्ला मी इथे देऊ शकतो.

राहिला भरवसा. वेळेला उडेल का?

जाणकार सांगतात की रिव्हॉल्व्हर साधं असतं. एखादी गोळी फुसकी निघाली तर पुन्हा चाप ओढायचा, चकरी फिरते, पुढची गोळी समोर येते. पिस्तूल अडलं तर दोन्ही हातांनी वरचा भाग मागे खेचून अडलेलं काडतूस काढून टाकावं लागतं, आणि ते घाबरलेल्या माणसाला सरावाशिवाय जमत नाही. हे सगळं बरोबर आहे, पण यात एक गृहीत धरलंय: आतली काडतुसं या दशकातली आहेत. आपल्याकडे परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं घ्यायची ते लिहिलेलं असतं, आणि आपण ती दिवाळीच्या चांदीच्या नाण्यासारखी जपून ठेवतो. दसऱ्याला कपाटातून निघतात. पितळेवर हिरवट थर चढलेला असतो. त्यावर हळद-कुंकू पडतं, झेंडूचं फूल पडतं, पेढ्याचा कण पडतो, आणि पूजा झाली की पुन्हा तीच सहा काडतुसं त्याच सहा घरांत. हत्यार चामड्याच्या होल्स्टरमध्येच वर्षभर राहतं. चामडं दमट हवा धरून ठेवतं, मुंबई-कोकणात तर विचारू नका, आणि गंज नळीला आतून चढतो. पण बाहेरून मामा फडक्याने चकचकीत ठेवतात.

एका बाबतीत मात्र हे यंत्र भरवशाचं आहे. नको त्या वेळी उडायचं असेल तर ते शक्यतो चुकवत नाही. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेता गोविंदा यांचं परवानाधारक रिव्हॉल्व्हर हातून निसटलं आणि गोळी त्यांच्याच पायात गेली. नशिबाने जीव वाचला. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यासमोरचं घर रिकामं ठेवावं, सहाच्या जागी पाचच भरावीत, हे जुने लोक का सांगायचे ते अशा वेळी कळतं. पण पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर म्हटलं की रुबाब सहाव्या हिश्श्याने कमी होतो, तेव्हा तुम्ही सहाच भरा. उशीखाली ठेवा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना ते कुठे आहे हे नक्की दाखवून ठेवा, नाहीतर ती शोधत बसतात.

लग्नात बार काढायची हौस असेल तर तीही फेडून घ्या. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात, लोकांचा जीव धोक्यात घालून केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही ठेवलंय. मांडव, डीजे आणि जेवणावळीच्या खर्चापुढे लाख म्हणजे किरकोळ. वर गेलेली गोळी खाली कुठे पडते याची चौकशी वरपक्षाने करायची नसते.

एवढं सगळं करून हे शस्त्र प्रत्यक्ष तुमच्याजवळ किती दिवस राहील, हा हिशेबही मांडून ठेवा. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन येतो: "दादा, जमा करा." २०२४ मध्ये लोकसभेसाठी आचारसंहिता मार्चमध्ये लागली, ती जूनमध्ये उठली. ऑक्टोबरमध्ये विधानसभेसाठी पुन्हा. मग नगरपालिका, जिल्हा परिषदा, महापालिका. म्हणजे ज्या दिवसांत गावात खरोखर डोकी फुटतात, बरोबर त्या दिवसांत तुमचं स्वसंरक्षण नंबराची चिठ्ठी लावून ठाण्यातल्या कपाटात पडलेलं असतं. पावती जपून ठेवा. निकालानंतर परत मिळतं, तोवर तुमच्या जीवाचा धोका आचारसंहितेचा मान राखून थांबतो.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शेतकऱ्याला हे गणित जमत नाही. त्याच्याकडे पीकसंरक्षणाची बंदूक असते, तीही जमा होते, आणि वानरांना-डुकरांना आचारसंहिता कोणी वाचून दाखवलेली नसते. भातात, काजूत, नारळात ती यायची तेव्हा येतातच. बिचारा पत्र्याचे डबे वाजवत रात्र काढतो, आणि बंदूक परत मिळेपर्यंत पीक गेलेलं असतं. त्याच्या शस्त्राचा फोटो कुठे दिसणार नाही. कोपऱ्यात टेकवलेली, दस्ता तारेने बांधलेली असते. अशी बंदूक चुकूनसुद्धा घेऊ नका, तिचा उपयोग करावा लागतो.

दुसरं एखादं घ्यावं का, असंही तुमच्या मनात आलंच असेल. घ्या. आधी तीन चालायची, २०१९ पासून दोनवर आणली. परवाना आता पाच वर्षांचा असतो, नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा कोणीतरी विचारेलच की अजून धोका आहे का. तेव्हा निदान खरं बोलता येईल, कारण इतकी वर्षं उशीखाली भरलेलं रिव्हॉल्व्हर घेऊन झोपलेला माणूस धोक्यात नाही असं कुठला अधिकारी म्हणेल?

आणि समजा एखाद्या रात्री खरंच कोणी दार फोडून आत आलं, तर गोंधळू नका. कपाटाची किल्ली मिसेसकडे, मिसेस माहेरी, काडतुसं देवघरात, आणि रिव्हॉल्व्हर बहुधा ठाण्यात. ११२ लावा. गाडी यायला वेळ लागला तर ड्युटीवरच्या हवालदाराला सांगा, येताना आमचं पण घेऊन या, पावती घरातच आहे.