सात किलोची परदेशवारी

एकटीने क्लाइंबिंगला जाणं म्हणजे एकटीने बॅडमिंटन खेळायला जाणं. फरक एवढाच, की बॅडमिंटनमध्ये समोरचा चुकला तर खाली फूल पडतं.

हे मला ठाऊक होतं. पण जिच्याबरोबर जायचं त्या मैत्रिणीने निघायच्या तीन आठवडे आधी घोटा मुरगळून घेतला (कड्यावर नव्हे, जिना उतरताना), आणि माझं तिकीट पैसे परत न मिळणाऱ्या जातीचं होतं. स्वस्त तिकीट माणसाला फार शूर करतं. "मी एकटी जाते," असं मी जाहीर केलं. लोकांना वाटलं, बाई आत्मशोधाला निघाली. मी निघाले होते भरलेले पैसे वसूल करायला.

जायचं होतं ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर. हे मूळचं स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांचं बेट. 1986 मध्ये समुद्रातल्या स्पंजांवर रोग पडला आणि आधीच उतरणीला लागलेला तो धंदा पार बसला. पुढे दहा वर्षांनी आंद्रेया दी बारी नावाचा इटालियन क्लाइंबर तिथे सुटीला आला. बेटावरची माणसं ज्या कड्यांकडे फक्त शेळी हरवली तरच बघत, त्या कड्यांकडे तो बघतच राहिला. पुढच्या वर्षी येऊन त्याने दोर अडकवायचे पहिले बोल्ट कड्यात ठोकले. आज तिथे 3000 हून जास्त रूट्स (चढायच्या ठरलेल्या वाटा) आहेत आणि शेळ्यांना क्लाइंबर हरवलेले दिसतात.

शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. मी सर्वांत स्वस्त घेतला आणि रात्री जागून त्यातली बारीक अक्षरं वाचली. मृतदेह मायदेशी पाठवायचा खर्च कंपनी आनंदाने देणार होती, मात्र तो दोराने चढताना मृत झालेला नसावा. शेवटी ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं सभासदत्व घेतलं, कारण त्यातच बचावाचा विमा येतो. आयुष्यात ऑस्ट्रिया न बघितलेली मी एका रात्रीत ऑस्ट्रियन गिर्यारोहक झाले.

मग सामान. माझ्या तिकिटात सात किलो बसत होते. सत्तर मीटरचा दोरच साडेचार किलोंचा. हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), शूज, हेल्मेट, बिले डिव्हाइस (दोर अडवायचं साधन) धरून सहा किलो झाले आणि अजून एकही कपडा आत गेलेला नव्हता. काट्यावर बॅग ठेवायची, एक मोजा काढायचा, पुन्हा ठेवायची, असा कार्यक्रम मध्यरात्रीपर्यंत चालला. टूथब्रशचा दांडा कापायचा विचारही मनात येऊन गेला, पण तेवढ्यासाठी करवत शोधायचा कंटाळा आला. चौदा क्विकड्रॉ (बोल्टात अडकवून त्यातून दोर न्यायच्या जोडकड्या) मी जॅकेटच्या खिशांत भरले. अंगावरच्या वजनाला अजून तरी कोणी पैसे मागत नाही. चालताना गळ्यात घुंगरं बांधल्यासारखी खुळखुळत होते. तपासणीला सगळे खिसे रिकामे करेपर्यंत मागची रांग तीनदा दुसऱ्या काउंटरला जाऊन परत आली. मग निघाली चॉकची पिशवी.

"ही पांढरी पावडर काय आहे?"

"हाताला लावायची."

"कशासाठी?"

"घाम येतो म्हणून," मी म्हणाले. आणि खरोखरच यायला लागला.

शेजारच्या कोस बेटाच्या विमानतळावरून मास्तिहारी बंदर, तिथून फेरीबोट, पोथिया गावातून बस, असं करत मासूरी गाठेस्तोवर संध्याकाळ झाली. मासूरी म्हणजे कड्याखालचा एक रस्ता आणि रस्त्याच्या कडेने खोल्या. पहिल्याच घरात एक आजी भेटल्या. खोली दोन खाटांची होती. मी एक बोट वर करून विचारलं, "एकटीच आहे. थोडं कमी होईल?"

आजी हसून म्हणाल्या, "ने."

आता एवढं स्पष्ट कोणी सांगितलं तर काय करणार? नेली. बॅग उचलली आणि बाहेर पडले. मागून आजी "ने, ने!" म्हणत दारापर्यंत आल्या तेव्हा मला त्या जरा जास्तच उद्धट वाटल्या. पुढच्या घरी एका गृहस्थांनी तोच प्रश्न ऐकून भुवया उंचावत "ओहि" म्हटलं. ते मला होकारासारखं वाटलं, म्हणून मी आत शिरून बूट काढले. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो आणि 'ओहि' म्हणजे नाही, हे त्या गृहस्थांच्या मुलाने इंग्रजीत समजावल्यावर मी बूट घालून आजींकडे परत गेले. त्या अजून दारातच उभ्या होत्या.

खोली मिळाली, पण माझ्या दोराच्या दुसऱ्या टोकाला धरायला कोण? कड्याखाली उभं राहून दोर सोडणारा, आवळणारा आणि वरचा पडला तर त्याला अडवणारा तो बिलेयर. कोणाला आपला बिलेयर होण्याबद्दल विचारणं नाजूक काम असतं. "माझा जीव तासभर धराल का?" असं थेट विचारता येत नाही. त्यामुळे मी कॅफेत सर्वांत स्वस्त कॉफी घेऊन बसायचे आणि ज्यांच्या बॅगेतून दोर डोकावतोय अशा टेबलांभोवती, मासे कापणाऱ्याभोवती मांजर घुटमळते तशी घुटमळायचे. तीन जणांचा गट दिसला की आशा वाटायची. तीन हा क्लाइंबिंगमधला अडलेला आकडा आहे. पण ते तिघे नेमके चौथ्याची वाट बघत असायचे.

पहिला गडी दुसऱ्या दिवशी मिळाला. बोलका, हसरा, सात देश फिरलेला. आर्गिनोंताच्या कड्यावर गेलो. मी सोप्या रूटवर पाच मीटर चढले आणि सहज खाली पाहिलं. गृहस्थांच्या एका हातात सफरचंद होतं आणि दुसऱ्या हाताने ते शेजारच्या मुलीला आठव्या देशाची दिशा दाखवत होते. दोर कोण धरत होतं, ते मला वरून दिसलं नाही. त्या दिवशी मी आयुष्यातलं सर्वांत स्वच्छ क्लाइंबिंग केलं, कारण पडायची सोयच नव्हती. खाली आल्यावर तो म्हणाला, "बघ, तुला माझी गरजच नव्हती." संध्याकाळी मी पोटदुखीचं कारण सांगून संबंध तोडले.

मग डॉक्टर भेटले. पोलंडचे दातांचे डॉक्टर, सहा फूट उंच, नव्वद किलो. त्यांचाही जोडीदार आयत्या वेळी गळाला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी माझी आठाच्या आकड्याची गाठ हातात घेतली, वाकून पाहिली, एकेक पदर बोटाने दाबला आणि "हं" म्हणाले. कीड सापडली नसावी. मग हार्नेसचं बकल, मग कॅराबिनरच्या कडीचं लॉक. मला एकदम चूळ भरावीशी वाटली. या माणसावर माझा विश्वास बसला.

अडचण माझ्या बाजूने होती. माझं वजन बावन्न किलो. ओडिसी नावाच्या कड्यावर डॉक्टर एका अवघड रूटवर सहाव्या बोल्टच्या वर गेले, हात सुटला, आणि ते पडले. मी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे दोर घट्ट धरला. पुस्तकात यापुढे बिलेयर जमिनीवर असतो. मी निघाले. डॉक्टर खाली येत होते, मी वर जात होते. डोकं पहिल्या क्विकड्रॉपासून वीतभर अंतरावर असताना मी थांबले. आजवरच्या क्लाइंबिंगमध्ये मी एवढी उंची इतक्या कमी कष्टांत गाठली नव्हती. डॉक्टर माझ्या वर थोड्या अंतरावर लोंबकळत होते. त्यांनी मान खाली करून, पेशंटला विचारावं तसं, हळूच विचारलं, "दुखलं का?"

खाली उतरल्यावर त्यांनी उपचार सुरू केले. आजूबाजूचे दगड निवडून हातात तोलले आणि माझ्याच सॅकमध्ये भरले. टोचू नयेत म्हणून एक दगड तर माझ्या जादा टी-शर्टमध्ये व्यवस्थित गुंडाळला, आणि ती सॅक माझ्या हार्नेसला मागून बांधली. जिच्यातून मी ग्रॅमाग्रॅमाने मोजे वगळले होते ती सॅक आता वीस किलोंची झाली होती. त्यानंतर रोज सकाळी दगड भरायचे आणि दुपारी ऊन कड्यावर आलं की ओतायचे, असा आमचा दिनक्रम ठरला. शेजारचे लोक विचारायचे नाहीत. फक्त त्यांची मुलं टक लावून बघायची.

एका दुपारी दोघेही कड्यात गुंतलेलो असताना खालून घंटा वाजली. मला वाटलं कोणाचे क्विकड्रॉ. ती शेळी होती. बचत म्हणून मी रोज दुपारी टोमॅटो, चीज आणि तिथले जवाचे टोस्ट खात होते. हे टोस्ट पाण्यात भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नाहीत. शेळीने न भिजवता खाल्ले. मी डॉक्टरांचा दोर धरून उभी, पाठीला वीस किलो बांधलेले, पुढे सरकायची सोय नाही, आणि माझ्यापासून चार हातांवर माझं जेवण कुडुम कुडुम वाजतंय. मी मराठीत हाकललं, इंग्रजीत हाकललं, शेवटी जोरात "ओहि!" ओरडले. शेळीने मान वर करून पाहिलं आणि चीज घेतलं. वरून डॉक्टर कौतुकाने म्हणाले, "काय दात आहेत!"

बोटांची साल गेली तेव्हा एक दिवस सुटी घेऊन पोथियाच्या संग्रहालयात गेले. तिथे कळलं, की पाणबुड्यांचे पोशाख येण्याआधी स्पंज काढणारा माणूस दहाबारा किलोंचा चपटा दगड हातांत धरून समुद्रात उडी मारायचा. दगड त्याला तळाशी न्यायचा. दगडाला दोर बांधलेला असायचा आणि नावेतला एक जण तो दोर हातात धरून बसायचा. खालून हिसका आला की ओढून घ्यायचा. दगड बांधलेल्या बाईकडे या बेटावर कोणी वळून का बघत नव्हतं, ते तेव्हा लक्षात आलं. मी त्या चित्रासमोर बराच वेळ उभी होते. वरचा माणूस सफरचंद खात नव्हता, याची खात्री करून घेतली.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी बंदरापर्यंत स्कूटरवरून सोडलं आणि सांगितलं, "रात्री दात घासत जा." कोसच्या विमानतळावर चौदा क्विकड्रॉ खिशांत भरून, खुळखुळत, मी निर्धास्तपणे काउंटरवर गेले. येताना सात किलो होते आणि त्यातला साबण तर संपलाही होता.

काट्यावर आठ किलो दोनशे ग्रॅम.

"शक्य नाही," मी म्हणाले. काउंटरवरच्या बाईंनी बॅग उघडायला सांगितली. दोर निघाला, शूज निघाले, हार्नेस निघालं, आणि तळाशी व्यवस्थित गुंडाळलेला टी-शर्ट. त्यांनी तो उलगडला. दगड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी पाहिला.

"हे काय आहे?"

"माझं वजन," मी म्हणाले.