शर्यतीनंतरचा पाऊण तास

नमस्कार,

‘बेन-हर’ या जुन्या हॉलिवूडपटावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया आली त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो होतो. मग म्हटलं, आधी सिनेमा पुन्हा पाहू, नंतर बोलू. शनिवार-रविवार मिळून साडेतीन तास काढले आणि आता लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मी जुन्या आठवणींनाच सिनेमा समजून बसलोय. रथांची शर्यत सोडली तर उरतं ते लांबलचक प्रवचन. बेन-हर नावाचा माणूस मुळात बायबलात नाही. अरब शेखाचं सोंग अपमानास्पद आहे. आणि कुष्ठरोग चमत्काराने बरा होतो असं दाखवणाऱ्या सिनेमाचं कौतुक आपल्याकडे तरी कुणी करू नये. शर्यत संपल्यावर टीव्ही बंद केला, हेही तुम्ही मोकळेपणाने लिहिलंय.

बायबलाबद्दल तुमचं बरोबर आहे. यहूदा बेन-हर हे ल्यू वॉलेसच्या १८८० सालच्या कादंबरीतलं पात्र. हा वॉलेस अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेला सेनानी होता. त्यात मीच एक भर घालतो. रोमन आरमारात वल्ही मारायला साखळदंडातले गुलाम नसत, बहुतेक सगळे स्वतंत्र, पगारी लोक असत. म्हणजे यहूदा झालेला चार्ल्टन हेस्टन एक्केचाळीस नंबरचा कैदी होऊन ठोक्याच्या तालावर वल्हं ओढतो, तो गाजलेला प्रसंगच इतिहासाला धरून नाही. शेखाबद्दल तर मी वादच घालणार नाही. ह्यू ग्रिफिथ हा वेल्श नट तोंडाला तपकिरी रंग फासून डोळे फिरवतो आणि त्याबद्दल त्याला ऑस्कर मिळतं. लेखात मी त्या कामाला ‘धमाल’ म्हटलं होतं. या वेळी ते पाहवलं नाही. तो शब्द मी मागे घेतो.

पण ‘प्रवचन’ हा शब्द मला पटत नाही. येशूचं सगळ्यात प्रसिद्ध प्रवचन, डोंगरावरचं, या सिनेमात आहे, आणि त्यातला एक शब्दसुद्धा आपल्याला ऐकू येत नाही. टेकडी, बसलेली माणसं, दुरून दिसणारी पाठमोरी आकृती, बस्स. यहूदा तिथपर्यंत येतो आणि न थांबता निघून जातो. पुढे त्याच्यावर प्रेम करणारी एस्तेर त्याला तिथे ऐकलेलं सांगू पाहते, तर तो सुडाने इतका पेटलेला असतो की ते त्याच्या कानात शिरतच नाही. तूच आता मेसाला झालायस, म्हणजे त्याचा वैरी झालेला जुना रोमन मित्र, असं ती त्याला सुनावते. प्रचारच करायचा असता तर कॅमेरा टेकडीवर जाऊन बसला असता.

दिग्दर्शक विल्यम वायलर स्वतः ज्यू होता. १९२५च्या मूकपट ‘बेन-हर’च्या शर्यतीत तो अनेक सहायकांपैकी एक होता. १९५९च्या या सिनेमाचं दिग्दर्शन त्याच्या हातात आलं तेव्हा शर्यतीचं चित्रीकरण त्याने अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कनट यांच्यावर सोपवलं. त्यांनी ते अफाट केलं, यात शंकाच नाही. एवढ्या संगीताने भरलेल्या सिनेमात शर्यतीची ती मिनिटं संगीताशिवाय आहेत, फक्त टापा, चाकं आणि गर्दीचा आवाज. पण वायलरचा स्वतःचा हात मला दिसतो तो दुसरीकडे. येशूचा चेहरा तो एकदाही दाखवत नाही, आवाजही नाही. सुरुवातीला एमजीएम स्टुडिओच्या बोधचिन्हातला सिंहसुद्धा गप्प आहे, कारण लगेच येशूजन्माचा प्रसंग येतो आणि त्याआधी डरकाळी नको.

नाझरेथची विहीर आठवून पाहा. साखळीने बांधलेले कैदी वाळवंटातून आणलेत. यहूदाला पाणी द्यायचं नाही, असा हुकूम आहे. तो जमिनीवर कोसळतो. एक हात येतो, त्याच्या डोक्यावर पाणी ओततो, त्याला पाजतो. चाबूक घेतलेला रोमन अधिकारी ओरडत पुढे येतो आणि समोरचा माणूस उठून उभा राहतो. आपल्याला त्याची पाठ दिसते. दिसतो तो रोमन अधिकाऱ्याचा चेहरा. आधी गुर्मी, मग गोंधळ. त्याला काहीतरी बोलायचंय, पण बोलता येत नाही. तो वळतो, दोन पावलं जातो, पुन्हा मागे बघतो.

आमच्याकडे हा सिनेमा पहिल्यांदा आला तो भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. आई स्वयंपाकघरात होती, तिला इंग्रजी येत नव्हतं. विहिरीचा प्रसंग लागला आणि ती कणकेचे हात तसेच घेऊन दारात येऊन उभी राहिली, यहूदाचं पाणी पिऊन होईपर्यंत हलली नाही. मग एवढंच म्हणाली, “त्याचं तोंड कसं असेल रे?” त्या वयात मला फक्त घोडे हवे होते. या रविवारी मात्र मी तो प्रसंग मागे नेऊन तीनदा पाहिला.

आपल्या भाषेत ‘पाणी पाजणं’ याचे दोन अर्थ आहेत. रिंगणात यहूदा मेसालाला पाणी पाजतो ते हरवण्याच्या अर्थाने. पुढे वधस्तंभ ओढत चाललेला माणूस त्याच्यासमोर कोसळतो. यहूदा त्याला ओळखतो, धावत जाऊन पाणी आणतो आणि त्याच्यापुढे वाकतो. हे पाणी दुसऱ्या अर्थाचं. या दोन पाण्यांच्या मधला रस्ता हा माझ्या मते सिनेमा आहे, आणि तो शर्यतीवर संपत नाही.

आता कुष्ठरोग. तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात जड मुद्दा हाच. हॅन्सनने या रोगाचा जंतू १८७३मध्येच शोधला होता, आणि सिनेमा आला तेव्हा त्यावरचं डॅप्सोन हे औषध दशकभर वापरात होतं. तरी सिनेमा वादळी पाऊस पाडतो आणि यहूदाच्या कुष्ठरोग झालेल्या आई-बहीण बऱ्या होतात. आनंदवन माहीत असलेल्या माणसाला हे खटकणारच, मलाही खटकतं. पण त्या पावसाच्या आधी काय होतं तेही पाहायला हवं. यहूदा त्या दोघी राहतात त्या कुष्ठरुग्णांच्या गुहेत शिरतो. आई जवळ येऊ नकोस म्हणून ओरडते, आणि तो तिला कवेत घेतो, बहिणीला उचलून बाहेर आणतो. तेव्हा कुणीच बरं झालेलं नसतं. पुढे गावात तो एका आंधळ्या भिकाऱ्याच्या वाडग्यात नाणं टाकतो. लोक ‘महारोगी, महारोगी’ असा गलका करतात, आणि तो भिकारी वाडगा उपडा करून ते नाणं टाकून देतो. भीती किती खोल असते हे मी सिनेमात इतक्या थोडक्यात क्वचितच पाहिलंय.

तुळशीरामची गोष्ट तुम्हाला ठाऊक असणार. वरोऱ्यात पावसात भिजत पडलेला तो कुष्ठरुग्ण पाहून बाबा आमटे आधी पळाले आणि मग परत फिरले. त्या पावसाने कुणी बरं झालं नाही. बाबांनी त्याची शुश्रूषा केली, पुढे १९४९मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन झाली. सिनेमातला शेवटचा पाऊस मी तुम्हाला सोडून देतो, खुशाल टीका करा. गुहेत शिरणारा यहूदा मात्र मी सोडणार नाही.

शर्यत संपल्यावर सिनेमा अजून पाऊण तासाच्या आसपास उरतो. विहीर सोडली तर वर लिहिलेलं बहुतेक सगळं त्या पाऊण तासात आहे. मेसाला मरताना यहूदाला आई-बहिणीचा ठावठिकाणा सांगतो, तिथून पुढे लावा आणि पाहून झालं की पुन्हा लिहा. तरीही नाही आवडलं तर तेही लिहा, मी वाचीन.