तापमानवाढ नाकारून भारताचे कोणते हित साधते?

‘हवामानबदल हे पाश्चात्त्य देशांनी भारताचा कोळसा बंद पाडण्यासाठी रचलेले थोतांड आहे’ असे सांगणारा एक लांबलचक संदेश सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. तीनदा आला तेव्हा मी दुर्लक्ष केले. चौथ्यांदा तो निफाड तालुक्यातल्या माझ्या मोठ्या मामांनी पाठवला, आणि आता गप्प बसणे मला शक्य नाही. मामांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. त्यांचे विद्यार्थी आज द्राक्षबागा सांभाळतात आणि सरांनी पाठवलेली गोष्ट पडताळून पाहावी असे त्यांच्या मनातही येत नाही. त्या संदेशाचा शेवट असा आहे : ‘शेतकरी बांधवांनो, घाबरू नका. हे निसर्गाचे चक्र आहे, पाऊस आपोआप पूर्ववत होईल.’

हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे, तो काय तापवणार, हा संदेशातला पहिला प्रश्न. हा वायू उष्णता अडवतो, हे जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये सुरू केलेल्या प्रयोगांतून दाखवून दिले. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे त्याचे सुमारे २८० रेणू होते, आज ते ४२० हून अधिक आहेत. ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त वायू सोडतात, हे संदेशातले विधान तर धडधडीत खोटे आहे. ते सोडतात तो वायू माणसाने सोडलेल्या वायूच्या जेमतेम एक टक्क्याच्या आसपास आहे.

खरा घातक मुद्दा पुढचा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुर्गादेवीचा दुष्काळ पडला तेव्हा कुठे मोटारी होत्या, १९७२ मध्ये कुठे इतके कारखाने होते, मग आजच्या लहरी पावसाचे खापर माणसावर का, असे त्यात विचारले आहे. दुष्काळ पूर्वीही पडत होते, हे कोणीच नाकारलेले नाही. पण पूर्वी विहिरी कडक उन्हाळ्यात आटत असत, एवढ्यावरून आज शेजारच्या पाचशे फूट बोअरवेलमुळे आपली विहीर आटली नाही असे सिद्ध होते का? कारण प्रत्येक वेळी शोधावे लागते, आणि या बाबतीत ते शोधलेले आहे. कोळसा व खनिज तेल यांतील कार्बनची घडण वेगळी असते, आणि हवेतल्या कार्बनमध्ये तीच खूण वाढत चालल्याचे मोजमापांत दिसते. सूर्य प्रखर झाल्यामुळे पृथ्वी तापली असती, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंड होतो आहे.

हे सारे परदेशी शास्त्रज्ञांचे म्हणणे, असा आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. म्हणून मामांना मी २०२० साली केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने प्रसिद्ध केलेला अहवाल वाचायला सांगितले, जो पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने तयार झाला. १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आणि ही वाढ मुख्यतः माणसाने सोडलेल्या हरितगृह वायूंमुळे झाली, असे तो सांगतो. १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला. मात्र मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पावसातली घट हवेतल्या धूलिकणांशी व धुराशीही जोडलेली आहे, हे अहवालच सांगतो; पण तो धूरही बव्हंशी माणसाचाच आहे. एकूण पाऊस कमी, त्यात उघडीप लांबलेली, आणि पडला की ढगफुटीसारखा, हे ज्याच्या बागेने सोसले आहे त्याला ‘आपोआप पूर्ववत होईल’ असे सांगणे म्हणजे त्याला पीकविमा, शेततळे, वाणांची निवड यांपासून परावृत्त करणे होय.

एक गोष्ट मान्य करावी लागते. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान मंडळाच्या २००७ च्या अहवालात छापले गेले होते, आणि ते चूक असल्याचे मंडळाने २०१० मध्ये कबूल केले. चूक गंभीर होती. पण हिमनद्या वितळत आहेत हे त्यामुळे खोटे ठरले नाही.

राहिला कारस्थानाचा आरोप. अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१२ मध्ये तापमानवाढ ही चीनने रचलेली कल्पना असल्याचे लिहिले होते. आपल्याकडे तीच अमेरिकेने रचली असे सांगितले जाते. श्रीमंत देश आपली जबाबदारी टाळतात हे खरे आहे : विकसनशील देशांसाठी २०२० पासून दरवर्षी शंभर अब्ज डॉलर उभे करण्याचे २००९ चे वचन त्यांनी वेळेवर पाळले नाही. परंतु आजवर साठलेल्या वायूत सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा आहे आणि दरडोई उत्सर्जनात भारतीय माणूस जगाच्या सरासरीच्याही खाली आहे, या दोन गोष्टींवरच भारत १९९२ पासून वाटाघाटींत भरपाई आणि सवलत मागत आला आहे. तापमानवाढ माणसाने केलेलीच नसेल तर अमेरिका आपले काहीही देणे लागत नाही. देशप्रेमाच्या नावाने हा संदेश पुढे पाठवणारे भारताची ही मागणीच मोडीत काढत आहेत, हे मी मामांना फोनवर सांगितले आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना तसे त्यांनीच कळवावे अशी विनंती केली.