रोटरी-लायन्ससारख्या क्लबच्या कॉन्फरन्सला जेवायला जाताय?

कार्डावर ‘सायंकाळी ठीक ७’ छापलंय म्हणून सातला पोचाल, तर मंडपवाला तुमच्याच हातात खुर्च्यांची चळत देईल. साडेआठला निघा. टिळकवाडीतून येत असाल तर ‘रेल्वे गेट पडलं होतं’ एवढं पुरे. बेळगावात हे कारण कुणी तपासत नाही.

कोट हवाच, भर उकाड्यात हवा. नाहीतर पिना टोचणार कुठे? पुढच्या रांगेत बसवतात ते कॉलरवरच्या पिना मोजूनच.

भाषणांना घाबरू नका. रोटरी १९०५ची, लायन्स १९१७ची, जन्म दोघींचा शिकागोचा, हे पहिल्याने सांगितलं की दुसरा पुन्हा सांगेल. नमस्कार कन्नडात, अहवाल इंग्रजीत, विनोद मराठीत. विनोद कळला नाही तर शेजारच्या पास्ट प्रेसिडेंटांकडे बघा. तेही तुमच्याकडेच बघत असतील. सत्काराची शाल निघाली की डुलकी घेणाऱ्याला हलवा, बहुधा त्याचाच नंबर असतो.

टेबलावर सीमाप्रश्न काढू नका. १९५६पासूनचा हा गुंता, २००४पासून सुप्रीम कोर्टात पडून. रोटरीपुरता मात्र तो केव्हाच सुटलाय: डिस्ट्रिक्ट ३१७०मध्ये कोल्हापूर, बेळगाव, गोवा एकाच पंगतीला. वाद उरतो तो व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीचा, आणि त्याला सीमेसाठी नेमला होता तसा नवा महाजन आयोग नेमला तरी निकाल दोन्ही बाजूंना मान्य होणार नाही!

क्लबने दिलेलं शिलाई मशीन घ्यायला खानापूरकडच्या चार बायका आलेल्या असतात. त्यांना ‘जेवून जा की’ असं भलतंच काही म्हणू नका. त्यांचं सगळ्यात आधी उरकतात, शेवटची बस असते ना. फोटोत मशीन एक, त्यावर हात चौदा, बायका कडेला. जाताना बिस्किटांचा पुडा मिळतो. सेवेचं ब्रीद मागच्या बॅनरवर असतंच, ते फोटोत नीट येईल एवढं बघा.

फेलोशिप, म्हणजे ग्लासवाली, मागच्या लॉनवर. तिकडे गेलेले वक्ते परत येत नाहीत, म्हणून तर आभारप्रदर्शन लवकर आटोपतं. लॉनवाल्यांचे उपकार माना.

अकराला झाकणं उघडतात. तोवर कुणी कन्नडात ‘ऊट आयता?’, म्हणजे ‘जेवण झालं का?’, विचारलं तर नुसतं हसा. सूपच्या रांगेत वेळ घालवू नका, थेट कुंद्याचं, आपल्या बेळगावी मिठाईचं, काउंटर गाठा. दुसऱ्यांदा वाटी पुढे करताना ‘मिसेससाठी’ म्हणा. मागे वळू नका मात्र. तिथे मिसेस ‘ह्यांच्यासाठी’ म्हणत उभ्या असतील.